म्बा सिरेनं नेलेली पँट

दोरीवर वाळत घातलेली माझी खाकी पँट गेली, तेव्हा पहिला संशय मला माकडांचा आला. बारो-तेंडा गावची माकडं कशावरही हात मारत. पण पंपघराच्या पायऱ्या उतरून मी रस्त्यावर आलो, तर माझी पँट माझ्यासमोरून चालत निघाली होती आणि तिच्या आत सत्तरीची म्बा सिरे होती.

कमरेला तिनं नायलॉनची दोरी करकचून बांधली होती. पायाशी चार-चार घड्या. डोक्यावर कुणाची तरी गोल टोपी, हनुवटीला बकरीच्या केसांची दाढी आणि गळ्यात दुधाच्या रिकाम्या डब्यांची माळ. तिच्यामागं आणखी पंधरा-वीस बाया, सगळ्या नवऱ्यांचे नाहीतर भावांचे अंगरखे घालून आणि हनुवटीला तशाच दाढ्या लावून. रॉकेलचे डबे बडवत सगळी वरात बांतबाकडं चालली होती. बांतबा म्हणजे गावाचा पार. मोठ्या सावरीच्या झाडाखाली लाकडी ओंडक्यांचा चौथरा, सगळ्या सभा तिथंच.

"म्बा सिरे, ती माझी पँट आहे," मी म्हणालो.

"होती," ती म्हणाली. "आज मी पुरुष आहे. पुरुषाला पँट लागते. तुझ्याकडं दुसरी आहे ना, इंडिया?"

"आहे."

"मग तूही पुरुषच राहशील. रडतोस कशाला?"

मागच्या बाया खिदळल्या. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या गावात मला तरी भेटला नव्हता.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. कृष्णाकाठी उपसा सिंचनाचे पंप बसवता बसवता मी एका कंपनीमार्फत थेट आफ्रिकेतल्या गांबियात जाऊन पडलो. देश कसला, एका नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेली जमीन. नदीच्या वरच्या अंगाला, जिथं समुद्राचं खारं पाणी पोचत नाही, तिथं भाताचा सरकारी प्रकल्प होता आणि त्याचा डिझेल पंप माझ्या ताब्यात होता. कागदावर मी डी. के. खबाले. प्रकल्पावरचे साहेब मला मिस्टर डीके म्हणत आणि गाव मला इंडिया म्हणे. मीही त्या दोन नावांवर खूश होतो.

म्बा म्हणजे आई. पण सिरेला सगळं गाव म्बा म्हणत असलं तरी तिचं स्वतःचं एकही मूल जगलेलं नव्हतं. ती कान्येलेंग होती, गावातल्या कान्येलेंगांची म्होरकी. तिथल्या मांडिंका लोकांत ज्या बायकांना मूल होत नाही किंवा झालेली जगत नाहीत, त्यांची ही मंडळी. आपल्याकडं अशा बाईला बारशाला बोलवायला माणसं कचरतात, ओटी भरायची वेळ आली की तिला हळूच मागं सारतात. ते आठवलं की माझं अजून डोकं फिरतं. तिकडं उलटं. तिकडं अशा बायका लाज गुंडाळून ठेवतात आणि गाव त्यांना ती मुभा देतं. फाटके कपडे घाला, पुरुषांचे घाला, चावट गाणी म्हणा, भर सभेत नाचा, कुणी हटकत नाही. लग्न असो की बारसं, त्यांच्या धिंगाण्याशिवाय त्याला शोभा नाही. त्या मागतील ते द्यायचं. त्यांच्यावर हात उचलायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. अल्लानं जिच्या मांडीवरचं मूल उचलून नेलं, तिच्यावर माणसानं आणखी काय रागवायचं, असा त्यांचा हिशेब.

म्बा सिरे ही मुभा पुरेपूर वापरत असे. विशेषतः अल्कालोच्या बाबतीत. अल्कालो म्हणजे गावचा पाटील. लांग क्रुबाली त्याचं नाव. पन्नाशीचा, उंच, अबोल माणूस. पांढराशुभ्र अंगरखा घालून तो चालू लागला की पोरं खेळ थांबवत. आणि ही बाई त्याच्या अंगणात शिरून त्याची कोंबडी पायाला धरून घेऊन जायची. पाहुण्याला मानानं द्यायची कोला नावाची कडू बी ताटलीतून उचलून तोंडात टाकायची. एकदा तर त्याच्या डोक्यावरची टोपी काढून तिनं त्यात कांदे भरून नेले. तो नुसता मान खाली घालून बसायचा. मला वाटायचं, कान्येलेंग आहे म्हणून सोसतो बिचारा.

तर त्या सकाळी ही वरात कशासाठी, ते सांगतो.

त्या भागात भुईमूग आणि ज्वारी पुरुषांची, भात बायकांचा. नदीकाठची दलदल, त्यात कंबरभर गवत, जळवा, आणि रात्री चरायला वर येणारे पाणघोडे. पुरुष त्या चिखलात उतरत नाहीत. जी बाई ती दलदल तोडून, बांध घालून शेत काढते, ते शेत तिचं स्वतःचं. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही. तिच्यानंतर तिच्या मुलीचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

म्बा सिरेनं तिचं शेत तरुणपणी काढलं होतं, तिसरं मूल पुरल्यानंतर. ते मला तिनंच सांगितलं होतं, बांधावर बसून, अगदी सहज. "हात रिकामे होते," ती म्हणाली होती. "रिकामे हात माणसाला खातात. म्हणून चिखलात घातले." पाणघोड्यांना हाकलायला तिनं कित्येक पावसाळे त्या बांधावर काढले होते. आता अंगातली ताकद कमी झाल्यावर तिदा तिच्याबरोबर राबत होती. तिदा ही तिच्या मेलेल्या सवतीची मुलगी. तिशीतली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. म्बा सिरेनंतर ते शेत तिदाचं, हेही सगळ्यांना पाठ होतं.

पण प्रकल्पाला पाठांतर चालत नव्हतं. पंपाचं पाणी आलं, एकाची दोन पिकं निघू लागली, तशी राजधानीतल्या साहेबांना शेतांना मालक हवे झाले. तिथल्या कुणा गोऱ्या सल्लागारानं सांगितलं की मालक म्हणजे घरचा कर्ता पुरुष. आदल्या संध्याकाळी ट्रकभर पाट्या आल्या. लाकडी पाटी, खाली टोकदार खुंटी, पाटीवर रंगवलेलं नाव आणि शेताचा आकडा. ट्रक माझ्याच पंपघरापाशी रिकामा झाला. बाया जमल्या आणि मला म्हणाल्या, वाच. मी वाचत गेलो. एकही नाव बाईचं नव्हतं.

"माझी कुठाय?" म्बा सिरेनं विचारलं.

तिच्या शेताचा आकडा शोधून मी पाटी उचलली. तिचा नवरा केव्हाच गेलेला, मुलगा नाही. म्हणून साहेबांनी तिचं शेत गावच्या प्रमुखाच्या नावावर टाकलं होतं. मी वाचलं, "लांग क्रुबाली."

म्बा सिरेनं पाटीवरून बोट फिरवलं, जणू अक्षरं पुसली जातात का ते पाहत होती.

"इंडिया," ती म्हणाली, "मला मूल जगलं नाही. हे शेत जगलं. हे कुणाच्या बापाला द्यायचं नाही."

आणि सकाळी माझी पँट गेली.

बांतबावर साहेब येऊन बसले होते. मिस्टर जाग्ने, प्रकल्पाचे अधिकारी, राजधानीत वाढलेले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता, एवढंच. त्यांनी मला सकाळीच बजावलं होतं, "मिस्टर डीके, पंप चालू ठेवा. सभा संपता संपता पाटाला पाणी दिसलं पाहिजे. पाट्या आणि पाणी, दोन्हींचा एक फोटो मला वर पाठवायचाय." त्याप्रमाणे पंप सुरू होता. त्याची धडधड पारापर्यंत ऐकू येत होती.

एका बाजूला गावचे पुरुष चहाची किटली घेऊन बसलेले. मधोमध खुर्चीवर अल्कालो. पाट्यांचा ढीग त्याच्या पायाशी. आणि तेवढ्यात डबे बडवत ही दाढीवाली फौज आली आणि साहेबांच्या समोर रांग धरून उभी राहिली.

जाग्ने हसले. "काय आहे हे?"

"पुरुष," म्बा सिरे जाड आवाज काढून म्हणाली. "तुम्हाला मालक म्हणून पुरुष हवे होते ना साहेब? आम्ही रातोरात झालो."

पार हसला. पुरुषही हसले. अल्कालो तेवढा हसला नाही.

"बरं, बरं. झालं? आता बसा," साहेब म्हणाले.

"बसतो की. पण आधी रामराम तर होऊ द्या. तुमच्या घरी शांती आहे ना?"

आता हे मांडिंका लोकांचं अभिवादन म्हणजे साधं प्रकरण नाही. तुमच्या घरी शांती ना? शांतीच. बायको बरी? बरी. मुलं बरी? बरी. आई, बाप, शेजारी, गुरं, सगळ्यांची विचारपूस होईपर्यंत समोरच्यानं उत्तर देत उभं राहायचं. मध्येच तोडलं तर माणूस जंगली ठरतो. म्बा सिरेनं साहेबांच्या घरच्या मांजरापर्यंत चौकशी केली. ती संपली तशी तिदा पुढं आली आणि पहिल्यापासून सुरू झाली. मग तिच्यामागची. मग तिच्यामागची. प्रत्येकीनं आपलं नाव पुरुषासारखं भारदस्त सांगावं, दाढीवरून हात फिरवावा आणि साहेबांच्या आजीची तब्येत विचारावी. ऊन चढलं. साहेबांच्या शर्टाची इस्त्री गेली. "शांतीच, शांतीच," म्हणून म्हणून त्यांचा घसा बसला. कान्येलेंगांवर रागवता येत नाही, हे राजधानीतल्या माणसालाही ठाऊक होतंच.

शेवटी मात्र त्यांचा तोल सुटला.

"पुरे!" ते उठून उभे राहिले. "तमाशा पुरे झाला. अल्कालो, मी साधं सांगतो. आज पाट्या लागल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यात पंप इथून हलेल. खालच्या गावाचे लोक पंपासाठी माझ्या दारात बसलेत. पाणी हवं की नको, तुम्ही ठरवा."

हसू विरलं. पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली. पाणी गेलं तर दुसरं पीक गेलं, आणि दुसऱ्या पिकाची चटक सगळ्यांनाच लागली होती. एक म्हातारा म्हणाला, "नावात काय आहे? घरातलंच आहे सगळं." दोन-तीन माना हलल्या. अल्कालोनं साहेबांकडं पाहिलं, मग नदीकडं. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "म्बा सिरे, नाव माझं असलं तरी शेत तूच कर. मी कधी पाऊल ठेवणार नाही तिथं."

"तू नाही ठेवणार," म्बा सिरे म्हणाली. हा आवाज जाड नव्हता, तिचा नेहमीचाच होता. "पण पाटी तुझी, तर तुझ्यामागं तुझ्या मुलाची. तो ठेवील. तिदानं मग काय त्याच्या दारात तांदूळ मागायचा?"

अल्कालोनं खाली वाकून पाटी उचलली. तिचीच, त्याच्या नावाची. तो उठला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस शेतात जाऊन खुंटी ठोकणार.

म्बा सिरेनं दाढी काढली. टोपी काढली. डब्यांची माळ उतरवून तिदाच्या हातात दिली. एका बाईनं पाण्याचा भोपळा पुढं केला, त्यातल्या पाण्यानं तिनं सावकाश तोंड धुतलं. माझी पँट तेवढी अंगावर राहिली, पण आता ती कुणाला दिसत नव्हती. डबे थांबले होते. तोवर मी तिला भर गर्दीत कधी गंभीर पाहिलं नव्हतं आणि गावानंही फारसं पाहिलं नसावं, कारण पुरुष चहाचे पेले खाली ठेवून ताठ बसले.

ती अल्कालोसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याला हाक मारली.

लांग म्हणून नाही, अल्कालो म्हणूनही नाही. तिनं वापरलेला शब्द मला माहीत होता. माझ्या खोलीची झाडलोट करणारी बाई तो रोज वापरायची. सकाळी खराट्यानं गोळा करून कुंपणापलीकडं टाकतात, त्या केराला तिकडं म्हणतात तो शब्द.

"केरा," ती म्हणाली. "इकडं बघ."

एखाद्या गावच्या पाटलाला भर चावडीत असं कुणी म्हटलं असतं तर रक्त सांडलं असतं.

"हे नाव तुला मिशा फुटल्यापासून मी घेतलं नाही," म्बा सिरे म्हणाली. "ह्या नव्या साहेबांना ठाऊक नाही, ह्या इंडियाला ठाऊक नाही. त्यांना सांगू का तू सांगतोस?"

"तूच सांग, म्बा," तो म्हणाला.

ती साहेबांकडं वळली. "ह्याच्या आईची पाच मुलं गेली, साहेब. हा सहावा. सहाव्याला तरी मृत्यूनं बघू नये म्हणून तिनं ह्याला फडक्यात गुंडाळलं, ह्याच सावरीमागच्या उकिरड्यावर ठेवलं आणि मागं वळून न बघता गेली. नकोय म्हणाली. केर आहे म्हणाली. मी तेव्हा पोरसवदा होते. माझी तीन गेली होती, माझ्याकडून मृत्यूला आणखी काय न्यायचं होतं? मी ह्याला उचललं. राख झटकली. केर म्हणून नाव ठेवलं आणि दूध पाजायला त्या आईकडं दिला. आमच्यात जी उचलते, मूल तिचं."

मग तिनं पुन्हा त्याच्याकडं तोंड केलं.

"मी तुझ्याकडं कधी काही मागितलं? कोंबड्या नेल्या, टोपी नेली, ती चेष्टा होती. गावाला हसवायला होती आणि तुला आठवण राहावी म्हणून होती. आज चेष्टा नाही. ह्या दोन हातांनी मी दोनच गोष्टी जगवल्या, केरा. एक तू आणि एक ते शेत. आणि आता माझं शेत माझ्याच केराच्या नावावर?"

अल्कालोनं डोक्यावरची टोपी काढली. त्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यानिशी तो चौथऱ्यावरून उतरला आणि म्बा सिरेच्या पायाशी, मातीत, मांडी घालून बसला. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"साहेब," तो खालूनच म्हणाला, "पाटी चुकलीय."

"अल्कालो, उठा. लोक बघतायत."

"बघू द्या. मी उचललेला आहे. उचललेल्याचं स्वतःचं काही नसतं, जे असतं ते उचलणारीचं. माझ्या नावावर तिचं शेत करायचं म्हणजे आईला मुलाच्या नावावर करण्यासारखं आहे. तसं तुमच्या राजधानीत होत असेल. बारो-तेंडात होत नाही."

असं म्हणून त्यानं पाटी गुडघ्यावर घेतली आणि मोडली. लाकूड कोवळं होतं, काडकन मोडलं.

जाग्ने पुरुषांकडं वळले. "बाकीच्यांचं काय? तुमच्या पाट्या तर आहेत ना? कोण येतंय पहिला?"

कुणी येईना. अल्कालोनं जे हातात धरलं नाही, ते त्याच्यासमोर उचलून घेणारा माणूस त्या गावात जन्मला नव्हता. मघाशी नावात काय आहे म्हणणारा म्हातारा चहाच्या किटलीत डोकावून बघू लागला. तिदा तेवढी पुढं झाली. तिनं ढिगातली एक पाटी ओढली, तिच्याच नवऱ्याच्या नावाची. नवरा समोरच बसला होता. तिनं पाटी त्याच्या पुढ्यात धरली.

"घेतोस?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं, अल्कालोकडं पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मला भाताचं काय कळतं? तूच बघ."

बायांनी असा काही गिल्ला केला की झाडावरची गिधाडं उडाली.

साहेबांचा चेहरा काळवंडला. त्यांनी मला शोधून काढलं. "मिस्टर डीके! पंप बंद करा. आत्ताच्या आत्ता. पाटाला थेंब जाता कामा नये."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी परका माणूस, माझी नोकरी साहेबांच्या सहीवर. मी दोन पावलं पंपघराकडं टाकलीही. तेवढ्यात म्बा सिरेनं मला हटकलं.

"इंडिया, थांब. तुझं खरं नाव काय रे? डीके म्हणजे काय?"

काय सुचलं तिला तेव्हा, कोण जाणे. साहेबांचा हुकूम लांबवायचा म्हणून विचारलं असेल. पण मी खरं सांगितलं. "धोंडीराम."

"त्याचा अर्थ?"

"धोंडा. म्हणजे दगड."

"दगड?" तिनं डोळे बारीक केले. "आपल्या लेकराला दगड कोण म्हणतं?"

"माझ्याआधी तीन गेले होते," मी म्हणालो. "म्हणून आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि आत्यानं उचललं. दगड म्हटलं की नजर लागत नाही, राहतो म्हणतात."

मी हे मांडिंका भाषेत सांगितलं, मोडक्यातोडक्या. पण पारावर ते एकालाही कळायचं राहिलं नाही. म्बा सिरेनं दोन्ही हात वर केले आणि अशी आरोळी ठोकली की अल्कालोही दचकला.

"हाही उचललेलाच! अरे, हाही आपलाच!" ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या छातीपर्यंत येत होती जेमतेम. "सांग दगडा, तुझी आत्या आत्ता इथं असती, तर तिनं तुला काय सांगितलं असतं? बंद कर म्हणाली असती?"

माझी आत्या आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपत मेली. बांधाची वीतभर जागा तिच्या नावावर नव्हती. कोल्हाट्याच्या ओढ्याकाठी ती खुरपं घेऊन वाकलेली मला तिथं, त्या सावरीखाली, लख्ख दिसली.

"साहेब," मी जाग्नेंना म्हणालो, "पंप बंद होणार नाही."

"का नाही होणार? काय बिघडलंय?"

"काही बिघडलेलं नाही. पंप ठणठणीत आहे. मी बंद करणार नाही."

मी जन्मात कुठल्या साहेबाला असं बोललो नव्हतो. पुन्हाही फारसं बोललो नाही. पण त्या दिवशी बोललो आणि बोलताना माझा आवाज कापला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

मग काय झालं, ते त्या गावाला शोभेल असंच झालं. दुपार झाली होती, माणसं भुकेली होती, आणि पाहुण्याला उपाशी पाठवायची तिकडं रीत नाही, मग तो पंप न्यायला आलेला असो. बायांनी तीन दगडांची चूल मांडली. तिदानं पाट्यांचा ढीग ओढत आणला. कोवळं वाळलेलं लाकूड, वर तेलाचा रंग, असं पेटलं की विचारू नका. एकेका कर्त्या पुरुषाचं नाव जाळात जाऊ लागलं तसं बाया त्या नावानं गाणी रचून म्हणू लागल्या. गाण्यांचा अर्थ मी इथं लिहू शकत नाही. पुरुष मात्र हसून लोळत होते, ज्याचं नाव जळे तो सगळ्यात जास्त.

भात उकळला, शेंगदाण्याचा रस्सा झाला. मोठ्या परातीभोवती सगळे बसले आणि जाग्ने साहेबांनाही हाताला धरून बसवलं. ते बसले, दुसरं काय करणार? पहिला घास म्बा सिरेनं आपल्या हातानं अल्कालोपुढं सरकवला.

"फोटो कशाचा पाठवू आता?" साहेब हताश होऊन म्हणाले.

म्बा सिरे उठली. माझी पँट सावरली, कमरेवर हात ठेवला. "माझा पाठवा," ती म्हणाली. "खाली लिहा, मालक."

त्यांनी तो फोटो काढला. वर पाठवला की नाही, माहीत नाही.

पंप हलला नाही; उभं पीक वाळवल्याचा ठपका साहेबांना नको असावा. त्या हंगामाचं पाणी मी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचवलं. त्यानंतर मला राजधानीतून बोलावणं आलं आणि करार पुढं वाढवायचा नाही असं कळलं. मला ते अपेक्षितच होतं. माझ्या जागी नवीन माणूस येणार होता. नवीन पाट्याही येणार, असं ऐकलं. त्यांवर काय लिहिलेलं असेल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

निघायच्या दिवशी धक्क्यावर गाव जमलं होतं. अल्कालोनं माझ्या हातात कोला ठेवला आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. तिदानं नव्या भाताची पिशवी दिली, त्याच शेतातल्या. म्बा सिरे बांधावरून सरळ आली होती. पाय चिखलानं भरलेले आणि अंगात माझी पँट. आता तिला गुडघ्यावर एक ठिगळही लागलं होतं.

होडीत पाय ठेवता ठेवता मी चेष्टेनं म्हणालो, "म्बा सिरे, मी चाललो. आता तरी माझी पँट दे."

ती हसली नाही. तिनं नदीच्या खालच्या अंगाला पाहिलं, जिकडून साहेबांचा ट्रक यायचा.

"नाही देणार, दगडा," ती म्हणाली. "ते पुन्हा येतील. तेव्हा लागेल."